प्रमाणपत्र उघडत का नाही? पीएचपीतील एका रिकाम्या ओळीची गोष्ट

शिक्षक मित्रांनो, नाव टाकले की विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राचे चित्र मिळावे, अशी सोय मी शाळेच्या वेबसाईटवर पीएचपीत केली. पहिल्याच दिवशी पालकांचे फोन सुरू: "सर, फोटो उघडतच नाही!"

असं का झालं? हे चित्र सर्व्हरवर आधीपासून ठेवलेले नसते. मागणी आली की पीएचपीची जीडी लायब्ररी ते तिथल्या तिथे बनवते. म्हणून ब्राउझरला आधी हेडरमधून 'कंटेंट-टाइप: इमेज/पीएनजी' असे सांगायचे आणि मगच चित्राचे बाइट पाठवायचे. थेट डाउनलोड हवे असेल तर 'कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट' आणि फाईलचे नावही द्यायचे.

पीएनजीचे पहिले ८ बाइट ठरलेले असतात. त्यांच्या आधी साधी स्पेस गेली तरी फाईल बिघडते. माझ्या जोडलेल्या फाईलमध्ये पीएचपीच्या खुणेआधी एक रिकामी ओळ होती! आउटपुट बफरिंग चालू असल्याने एररसुद्धा दिसली नाही.

लक्षात ठेवा:
१) सुरुवातीच्या खुणेआधी काहीही नको.
२) शेवटी बंद करणारी खूण लिहूच नका.
३) फाईल बीओएमशिवाय यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.
४) चित्र पाठवले की लगेच 'एक्झिट'.

मुलांकडून मुद्दाम ही चूक करून घ्या आणि ती त्यांनाच शोधू द्या. चांगली लक्षात राहते.