नाळेचं रक्त साठवू का, विचारतेस ना?

अगं, सातवा लागला की दवाखान्यात ते गुळगुळीत पत्रक हाती पडतंच. नाशकात गंगापूर रोडला काय आणि सिडकोत काय, सगळीकडे तेच. बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवा, पुढे कामाला येईल. हजारो रुपयांचं पॅकेज, वर हप्त्यांची सोय. तुम्ही दोघं रात्री हिशेब मांडत बसता आणि तुला वाटत राहतं, नाही केलं तर आई म्हणून कमी पडेन. ती भीती आधी काढून टाक बघू.

शास्त्र खरं आहे हं. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या मुलाला नाळेचं रक्त दिलं आणि तो बरा झाला. नाळेत रक्त घडवणाऱ्या मूळपेशी असतात. संरक्षक द्रव घालून त्या हळूहळू, मिनिटाला साधारण एकेक अंशाने थंड करतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवतात. वर्षानुवर्षं टिकतात.

पण त्या मुलाला मिळालं ते त्याच्या नवजात बहिणीचं रक्त. थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार बाळालाच असला, तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असणार. पत्रकात हे कुठे लिहिलंय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, पुढे स्वतःसाठी म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१८ मध्ये खासगी साठवणुकीची शिफारस करायचं नाकारलं.

मोठ्या मुलाला थॅलेसेमिया असेल, तर मात्र जरूर रक्तविकारतज्ज्ञांना भेटावं. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि तिथे ही साठवण खरंच जीव वाचवू शकते. तुमच्या घरी तसं कुणी नाही. तरी तुमच्या दोघांची थॅलेसेमिया वाहक तपासणी झालीय का, एवढं फाइलमध्ये बघ. ती पहिल्या तीन महिन्यांतच व्हायला हवी. राहिली असेल तर डॉक्टरांना लगेच विचार.

आणखी एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जन्मल्यावर एक ते तीन मिनिटं नाळ न कापता ठेवली, तर ते रक्त बाळाच्याच अंगात जातं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. पुढचे काही महिने त्याचा लोहाचा साठा चांगला राहतो. पिशवी भरायची म्हणून नाळ घाईने कापली, तर बाळाच्याच वाट्याचं कमी होतं गं. पुढच्या तपासणीला जावईबापूंनाही घेऊन जा आणि डॉक्टरांना दोघं मिळून विचारा, सगळं ठीक असेल तर नाळ किती वेळाने कापणार?