समुद्रातील खोटा तळ

समुद्राच्या पृष्ठभागाखाली काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्याची शक्ती मनुष्यास फारशी लाभलेली नाही. पावसाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरील गढूळ पाण्यात तर दोन वाव खालची वस्तूदेखील दिसत नाही. प्रकाश पाण्यात लवकर शोषला जातो. ध्वनीची गोष्ट निराळी आहे. हवेत तो सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर, आणि पुष्कळ दूरवर जाऊनही तो विरून जात नाही. तेव्हा जेथे दृष्टी हरते तेथे श्रवणाचे साहाय्य घ्यावे, ही कल्पना शास्त्रज्ञांस सुचली व तिच्यातूनच आज मासेमारी नौकांवर दिसणारे यंत्र जन्मास आले. इंग्रजीतील काही शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यास ‘सोनार’ असे नाव दिलेले आहे. दागिने घडविणाऱ्या सोनाराशी त्याचा काही संबंध नाही, हे खालच्या वर्गांतील वाचकांसाठी सांगून ठेवतो.

यंत्राची रीत सोपी आहे. नौकेच्या बुडाशी बसविलेली तबकडी खालच्या दिशेस ध्वनीचा एक अत्यंत अल्प ठोका सोडते. तो तळावर आपटून परत येतो. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळास ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मे केले की खोली मिळते. ठोका १/१० सेकंदात परतला तर ध्वनीने एकंदर १५० मीटर प्रवास केला, अर्थात तळ ७५ मीटरांवर आहे. वाटेत मासा आडवा आला तर त्याचा प्रतिध्वनी तळाच्या आधी पोहोचतो. नॉर्वेमध्ये रायनर्ट बोक्न नावाच्या नौकाप्रमुखाने १९३४ च्या सुमारास लहान माशांच्या थव्याची अशी नोंद मिळविली, आणि १९३५ मध्ये त्याच देशातील ऑस्कर सुंड या शास्त्रज्ञाने लोफोटेन बेटांजवळ अंडी घालण्यास जमलेल्या कॉड माशांचा पातळ थर कागदावर उमटवून दाखविला. जपानातील नागासाकी येथे १९४८ मध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधण्याचे यंत्र विक्रीस आणले, तेव्हापासून ही विद्या सामान्य मच्छीमाराच्या हाती आली.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण उत्पन्न होते ती पडद्यावरील आकृतीचा अर्थ लावताना. जाळे टाकावे की पुढे जावे, हे तांडेलास थोड्या वेळात ठरवावे लागते. आकृती माशांची असेल तर दिवसाची मजुरी निघाली. खडपाची किंवा बुडालेल्या गलबताची असेल तर जाळे फाटून कर्ज अंगावर आले. म्हणून प्रथम हे लक्षात ठेवावे की पडद्यावर दिसते ते छायाचित्र नसते. पडद्याची उभी बाजू अंतर दाखविते, परंतु आडवी बाजू काळ दाखविते. उजव्या कडेस जे आहे ते आत्ताचे, डाव्या कडेस जे आहे ते काही क्षणांपूर्वीचे.

या एका गोष्टीने पुष्कळ कोडी सुटतात. पडद्यावर मासा कमानीसारखा वाकलेला दिसतो, तो का? ध्वनीचा झोत शंकूच्या आकाराचा असतो. समजा, मासा ४० मीटर खोल आहे व नौका अजून त्याच्यापासून १५ मीटर अलीकडे आहे. नववीतील विद्यार्थी पायथागोरसच्या सिद्धांताने चटकन सांगेल की त्या वेळी मासा तबकडीपासून सुमारे ४२.७ मीटर दूर आहे. नौका डोक्यावर येताच अंतर ४० होते, आणि पुढे गेल्यावर पुन्हा वाढते. मासा आपल्या जागी स्थिर असून यंत्राने मात्र त्यास प्रथम खोल, मग वर व पुन्हा खोल असे लिहिले; तीच कमान. नौका नांगरून उभी असेल व मासाही खाली स्वस्थ असेल, तर त्याच माशाची लांबच लांब सरळ रेघ उमटते. रेघ लांब म्हणून मासा मोठा, असे समजणारा फसला!

मग मोठा प्रतिध्वनी कोण देतो? पुष्कळ माशांच्या पोटात तरंगण्यास उपयोगी अशी वायूची पिशवी असते. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाची हीच पिशवी व्यापारी फार मोठी किंमत देऊन घेतात. माशाचे मांस घनतेने पाण्याच्या जवळचे, म्हणून ध्वनी त्यातून बराचसा निघून जातो. वायू मात्र पाण्याहून अगदी भिन्न, म्हणून तेथून तो जोराने परततो. ज्या माशांस पिशवी आहे त्यांच्या प्रतिध्वनीचा ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग एकट्या तिच्यापासून येतो. मुशी व पाकट यांस अशी पिशवी नसते, म्हणून त्यांच्या देहाच्या मानाने त्यांची खूण फिकी पडते. लहानशा माशांचा दाट थवा मात्र पडद्यावर काळाकुट्ट ढग उभा करतो.

फसविणाऱ्या आकृती आणखीही आहेत. कठीण तळ असल्यास ध्वनी तळावरून वर येतो, पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो व दुसऱ्यांदा परततो. मग २० मीटरांवरील तळाखाली ४० मीटरांवर दुसरा तळ दिसतो. दुसऱ्या नौकेच्या पंख्याने घुसळलेले बुडबुडे थव्यासारखे भासतात. तळास चिकटून असलेला मासा तर तळातच मिसळून जातो, कारण एक हजारांश सेकंदाचा ठोका पाण्यात दीड मीटर लांब असतो व पाऊण मीटरापेक्षा कमी अंतराने मागेपुढे असलेल्या दोन वस्तू त्यास वेगळ्या कळत नाहीत.

स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवरात कोणी अजस्र प्राणी राहतो अशी समजूत आहे. तिला या यंत्राने बरेच खाद्य पुरविले. डिसेंबर १९५४ मध्ये ‘रायव्हल ३’ या मासेमारी नौकेच्या कागदी पट्टीवर सुमारे १४६ मीटर खोलीवरील एक मोठी आकृती उमटली. नौका निघून गेली, आणि विचार करण्यास पट्टीवरील शाईखेरीज काही उरले नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात वीसहून अधिक नौकांनी रांग धरून सरोवर विंचरले. दोनतीन खुणांचा उलगडा झाला नाही, पण प्राणीही सापडला नाही. पुढे २०१६ मध्ये एका स्वयंचलित पाणबुडीने तळाचे फार स्पष्ट चित्र काढले व त्यात लांब मानेची, सुमारे नऊ मीटरांची आकृती खरोखरीच निघाली! ते १९६९ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी बुडालेले चित्रपटातील सोंग होते. त्याची मदार दिग्दर्शकास आवडली नाही म्हणून ती कापली गेली, आणि मदारीबरोबर तरंगण्याची शक्तीही गेली, असे सांगतात.

परंतु या सर्वांहून गूढ, आणि माझ्या मते अधिक अभ्यसनीय, अशी आकृती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिसली. शत्रूच्या पाणबुड्या कशा ओळखाव्यात याचे प्रयोग १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळच्या समुद्रात चालले होते. तेथे आयरिंग, क्रिस्टेन्सन व रैट या तिघा शास्त्रज्ञांस सुमारे ३०० ते ४५० मीटर खोलीवर एक विस्तीर्ण थर आढळला. खरा तळ त्याच्या कितीतरी खाली होता. नंतर असे थर पुष्कळ महासागरांत आढळले. काही जहाजांनी त्यांसच तळ समजून उथळ जागा कळविल्या व त्या सागरी नकाशांत शिरल्या. शोधावयास गेलेल्यांस तेथे अथांग पाण्याशिवाय काही मिळाले नाही.

हा थर कशाचा? थंड व उष्ण पाण्याच्या सीमेचा असेल काय? मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने विचार केला की तशी सीमा सूर्य पाहून हलणार नाही. परंतु अनेक सूक्ष्म सागरी जीव संध्याकाळी वर येतात व पहाटे खाली जातात हे ठाऊकच होते. थर जर सजीव असेल तर त्यानेही तसेच वागले पाहिजे. १९४५ मध्ये त्याने जहाजावर अहोरात्र पहारा ठेवला. दिवस मावळताच तो ‘तळ’ उठून पृष्ठभागाकडे चालू लागला, आणि उजाडताच परत खाली गेला. समुद्राचा तळ संध्याकाळी फिरावयास निघतो, असे म्हणण्याची वेळ आली असती!

या थरात बोटाएवढे कंदीलमासे पुष्कळ असतात, व त्यांतील अनेकांस वायूची पिशवी असते. आपल्या अरबी समुद्राच्या उत्तर भागातही त्यांचे प्रचंड थवे आहेत. दिवसा ते खोल, प्राणवायू अगदी अल्प असलेल्या पाण्यात राहतात व रात्री वर येतात. तथापि सर्वच ठिकाणी थर माशांचा नसतो, आणि जाळ्याने नमुने घेतले तर चपळ जीव निसटतात व नाजूक जीवांच्या चिंध्या होतात. तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहणे हाच मार्ग उरला. ‘त्रिएस्त’ नावाचे पाणबुडे यान, जे १९६० मध्ये महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत उतरले होते, त्यातून एरिक बारहम हा शास्त्रज्ञ सॅन डिएगोजवळच्या त्या थरात उतरला व १९६३ मध्ये त्याने आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. जेथे वरच्या यंत्राने भरीव तळ रेखाटला होता, तेथे खिडकीबाहेर पारदर्शक जीवांच्या माळा लोंबत होत्या. त्या इतक्या मऊ असतात की जाळ्यात त्यांचे तुकडे होतात. परंतु प्रत्येक माळेच्या टोकास वायूचा एक चिमुकला फुगा होता.