आधी मान, मग चमचा

पोरी, सहा महिने भरले की झरी-मुकुटबनकडे काय, कोलामांच्या पोडावर, वस्तीवर काय, उष्टावणाची घाई सुरू होते. मामा येतो, खिरीची वाटी पुढे येते आणि बाळाने तोंड फिरवलं की सगळे आईकडे बघतात. तुझं बाळ सावकाश वाढतंय. त्याच्यासाठी चार गोष्टी सांगते, पदराला गाठ मारून ठेव.

मान बघ. मान सावरली, आधाराने बसता आलं, घास बघून तोंड उघडलं, की ते तयार झालं. सहा महिने भरूनही हे दिसत नसेल तर नुसतं दूध पाजत महिने काढू नको. सहा महिन्यांनंतर एकट्या दुधातून पुरेसं लोह मिळत नाही. लगेच डॉक्टरांना दाखव.

आडवं पाजू नको. आम्ही पायांवर निजवून बोंडल्याने ओतायचो. ते चुकीचंच होतं. आडव्या बाळाच्या श्वासनलिकेत घास उतरू शकतो. मांडीवर सरळ बसव, पाठ तुझ्या कोपराच्या खोबणीत टेकव, कंबर आणि गुडघे वाकलेले, पावलं कशावर तरी टेकलेली. हनुवटी किंचित खाली असू दे. मान मागे गेली की गिळणं अवघड होतं.

घट्टसर दे. कमजोर गिळणाऱ्या बाळाला पाण्यासारखं पातळ जास्त धोक्याचं, ते घशात पटकन धावतं. गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण एकजीव घोट, वर थोडं तूप किंवा तेल सोड. चमचा कलता केला तरी घास लगेच घसरू नये. पातळ वरणात अख्खी शितं नकोत. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

चमचा टेकव, ओतू नको. लहान, चपटा चमचा घे. अर्धाच भर. खालच्या ओठाला लाव, तोंड उघडू दे, मग जिभेवर हलकेच दाब आणि थांब. ओठ मिटले की चमचा सरळ बाहेर काढ. वरच्या हिरडीवर घासून घास सोडू नको. जिभेने बाहेर ढकललं तर ते नको म्हणत नाही, त्याच्या जिभेला अजून वळण नाही. दोन-तीन चमच्यांनी सुरुवात कर. अर्ध्या तासापेक्षा जास्त झगडू नको. दमलेलं बाळ नीट गिळत नाही. नंतर वीसेक मिनिटं उभंच धर.

कापूस वेचायच्या दिवसांत तू शेतात असशील. मग भरवणारं माणूस रोज बदलू नको. आजी भरवणार असेल तर तिला समोर बसवून हे सगळं करून दाखव.

खाताना खोकला येणं, आवाज ओला घरघरणारा होणं, ओठ निळे पडणं, वारंवार छाती भरणं, वजन अडणं, यांतलं काहीही दिसलं तर भरवणं थांबव आणि दवाखाना गाठ. ओठ निळे पडले तर क्षणभरही थांबू नको. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. २०१३ पासून चालणाऱ्या या तपासणीत वाढीतला उशीरही बघतात आणि पुढच्या उपचाराला पाठवतात. सेविकेला आधीच सांगून ठेव. गिळणं शिकवणारे तज्ज्ञही असतात, त्यांच्याकडे जायची चिठ्ठी माग.

आणि मामाला सांग, खीर थोडी थांबेल. एक दिवस चमच्याभोवती बाळाचे ओठ आपणहून मिटतील. बाई, त्या दिवशी त्याचं खरं उष्टावण.