न वाचता अंगठा देऊ नका



सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. तिथे सात रस्ते एकत्र येतात, म्हणून हे नाव पडले. एका संध्याकाळी मी या चौकात रिक्षाची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात आमच्या साक्षरता वर्गातल्या एक मावशी भेटल्या. मुलाबरोबर मार्केट यार्डात कांदा घालून त्या गावी परत निघाल्या होत्या. मुलगा टेम्पोत डिझेल भरायला गेला होता. मावशी हातातला मोबाइल एक-एक अक्षर लावून वाचत होत्या.

1. मावशींचा प्रश्न

मला पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, बरं झालं भेटलात. भाच्यानं मोबाइलवर हा खेळ धाडलाय. दहा प्रश्नांची उत्तरं दिली की आपण कोणत्या विचाराचे ते कळतं म्हणे. डावे का उजवे. नऊ प्रश्न मी स्वतः वाचले बघा!"

मला फार आनंद झाला. वर्षापूर्वी मावशींना बसची पाटी वाचता येत नव्हती. मी विचारले, "मग अडलं कुठं?"

"ह्या दहाव्याला. ऐका. 'कांद्याला जास्त भाव मिळावा, की कांदा स्वस्त मिळावा?' आता काय सांगू? माझा मुलगा कांदा पिकवतो. माझी लेक सोलापुरात विड्या वळते, तिला कांदा विकत घ्यावा लागतो. एकाचं भलं म्हणावं तर दुसऱ्याचं वाईट होतं. आणि इथं तर दोनच खाने आहेत."

मी म्हणालो, "मावशी, ह्या चौकात रस्ते किती?"

"सात."

"आणि खेळ विचारतो डावीकडं की उजवीकडं. सात रस्त्यांच्या चौकात दोनच रस्ते दाखवणारा माणूस वाट दाखवत नाही. तो आपल्याला हवं तिकडं वळवतो."

2. डावे आणि उजवे हे शब्द आले कुठून?

हे शब्द फ्रान्स देशातून आले. 1789 साली तिथे मोठी राज्यक्रांती झाली. नवी सभा भरली. राजाच्या हाती जास्त सत्ता असावी असे म्हणणारे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले. राजाची सत्ता कमी करा म्हणणारे डाव्या हाताला बसू लागले. बसायच्या जागेवरून नाव पडले आणि ते जगभर गेले.

शब्द वाईट नाहीत. आपले विचार तपासून पाहणे हेही वाईट नाही. जर्मनीत 2002 सालापासून निवडणुकीच्या आधी असा एक प्रश्नांचा संच निघतो. तो लोकशिक्षणाचे सरकारी खाते काढते. प्रत्येक प्रश्नावर कोणत्या पक्षाने काय उत्तर दिले, तेही त्यात छापलेले असते. काढणारा कोण ते ठाऊक, पक्षांची उत्तरे समोर. हा झाला उघडा व्यवहार.

पण मावशींच्या खेळावर काढणाऱ्याचे नावच नव्हते. आणि शेवटी एक ओळ होती. मावशींनी ती सावकाश वाचली : "निकाल पाहण्यासाठी तुमच्या मोबाइलमधील सर्व नावे व नंबर पाहण्याची परवानगी द्या." खाली दोन बटणे होती, 'होय' आणि 'नाही'.

3. तीनशे पस्तीस माणसांची गोष्ट

या एका ओळीने काय होते, याची खरी गोष्ट सांगतो.

2014 साली केंब्रिज विद्यापीठातले अलेक्सांद्र कोगन यांनी फेसबुकवर प्रश्नांचा एक खेळ काढला. प्रश्न राजकारणाचे नव्हते. स्वभावाचे होते. सुमारे 2,70,000 लोकांनी तो खेळ घेतला. त्या वेळी फेसबुकचे नियम सैल होते. एकाने 'होय' म्हटले की त्याच्या मित्रांचीही माहिती खेळ काढणाऱ्याला मिळत असे. अशी माहिती 8 कोटी 70 लाख लोकांपर्यंतची गेली असावी, असे पुढे फेसबुकनेच सांगितले. कोगन यांनी ती केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या कंपनीला पुरवली. ही कंपनी निवडणुकीच्या प्रचाराचे काम घेत असे. अमेरिकेतले मतदार कोणत्या स्वभावाचे, हे ती या माहितीवरून ताडत होती. मार्च 2018 मध्ये वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उघडकीस आणले.

आता आपल्या देशाचा आकडा पाहा. भारतात तो खेळ फक्त 335 लोकांनी घेतला होता. पण ज्यांची माहिती गेलेली असू शकते असे भारतातले लोक होते 5,62,455. बाकीच्यांनी बटण दाबलेच नव्हते. खेळणाऱ्या कोणाच्या तरी मित्रांच्या यादीत त्यांचे नाव होते, एवढेच.

स्वभावाच्या गोष्टींवरून पक्ष कसा कळतो, असे कोणी विचारील. केंब्रिजच्याच संशोधकांनी 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या लोकांनी फेसबुकवर काय-काय पसंत केले, एवढेच त्यांनी पाहिले. दोन पक्षांचा एक-एक माणूस घेतला, तर कोण कुठला हे 100 पैकी 85 वेळा बरोबर सांगता येत होते.

फेसबुकने मागाहून नियम बदलले. कंपनी 2018 साली बंद पडली. 2019 साली अमेरिकेतल्या सरकारी आयोगाने फेसबुकला 500 कोटी डॉलर दंड केला. पण हे सारे बैल गेला आणि झोपा केला, असे झाले.

4. मत गुप्त कशासाठी?

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. तेव्हा बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने पडद्याआड जायचे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. निरक्षर माणसाचेही मत गुप्त राहावे, म्हणून एवढी खटपट केली. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हेही लिहिले आहे, की तुम्ही कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावरसुद्धा करता येत नाही. कोर्ट जे विचारत नाही, ते हा खेळ विचारतो आणि आपण हसत-हसत सांगतो.

कोणी म्हणेल, "माझं मत कळलं तर कळू दे. मी काय चोरी केली?" चोरी केली नाही, हे खरे. पण विचार करा. पारावर सभा भरते तेव्हा पुढारी जे बोलतो ते सगळ्या गावाला ऐकू येते. मोबाइलवर तसे नसते. मावशींच्या मुलाला निरोप जाईल, "आम्ही कांद्याचा भाव चढवू." त्याच दिवशी लेकीला निरोप जाईल, "आम्ही कांदा स्वस्त करू." निरोप धाडणारा एकच. बहीण-भावाला एकमेकांचा निरोप दिसत नाही. मग खोटे पकडणार कोण? कोण कशाला भुलतो आणि कोण कशाला भितो, हे ज्याला कळले त्याला असे करता येते. ते त्याला कळवायचे काम आपणच करतो.

5. जुना अंगठा, नवा अंगठा

पूर्वी सावकार कागद पुढे करी. निरक्षर माणूस न वाचता अंगठा उठवी. त्यात कितीकांची रानं गेली. म्हणून तर आपण वाचायला शिकलो. आता शाई नाही, पण मोबाइलवर 'होय' दाबतो तोही अंगठाच. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 साली आपल्या संसदेने केला. तो तुमच्या संमतीला मोठे मोल देतो. म्हणूनच संमती जपून द्यावी.

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "माझ्या मोबाइलात बचत गटाच्या सगळ्या बायांचे नंबर आहेत. त्यांना न विचारता मी कशी देऊ?" आणि त्यांनी 'नाही' दाबले. खेळ बंद झाला.

"गुरुजी, मी डावी का उजवी ते राहूनच गेलं की!"

"मावशी, ते मतदानाच्या दिवशी तुमचं तुम्ही ठरवा. मलासुद्धा सांगू नका."

मावशी हसल्या. टेम्पो आला आणि त्या गावाकडे गेल्या.

हे ध्यानात ठेवा

1. खेळ कोणी काढला, ते आधी पाहा. नाव नसेल तर खेळू नका.
2. 'होय' दाबण्याआधी शेवटची ओळ वाचा. कळली नाही तर 'नाही' दाबा.
3. आपल्या मोबाइलमधले नंबर हे दुसऱ्यांचे आहेत. ते परस्पर देऊ नका.
4. मोबाइलवर आलेले वचन घरात आणि पारावर मोठ्याने वाचा. चार जणांत ते टिकते का पाहा.

शब्दांचे अर्थ

गुप्त – दुसऱ्याला न कळणारे
संमती – आपण दिलेला होकार
सक्ती – जबरदस्ती
झोपा – गोठ्याचे दार

प्रश्न

1. दहाव्या प्रश्नाला मावशी का अडल्या?
2. भारतात 335 लोकांनीच खेळ घेतला. मग 5,62,455 लोकांची माहिती कशी गेली असेल?
3. सभेतले वचन आणि मोबाइलवरचे वचन यांत फरक काय?
4. तुमच्या मोबाइलमध्ये किती जणांचे नंबर आहेत? मोजून वहीत लिहा.