हायड्रोजनमधलं करिअर : गाडीकडे नको, कारखान्याकडे बघा

भोर आणि वेल्हे तालुक्यांतून (वेल्ह्याचं सरकारी नाव आता राजगड झालं आहे, पण बोलण्यात वेल्हेच चालतं) दहावी-बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे सध्या रोज एक नवं 'भविष्य' मांडलं जातं. हायड्रोजन हे त्यातलंच एक. पेट्रोल जाणार, हायड्रोजनवर गाड्या धावणार, तेव्हा मुलाला आत्ताच त्या लाइनला घाला, असा सल्ला सर्रास ऐकू येतो. पालकांची घालमेल समजण्यासारखी आहे. मुलाची दोन-तीन वर्षं आणि पतसंस्थेचं कर्ज काढून भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हायड्रोजनमध्ये काम आहे आणि ते वाढणार आहे, पण ते कारच्या टाकीत शोधू नका. खतं, तेलशुद्धीकरण, रसायनं, पोलाद आणि फार तर अवजड ट्रक यांत ते सापडेल. हे एकदा पटलं की कोणता ट्रेड घ्यायचा, कोणती पदविका घ्यायची, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

कारबद्दलचा उत्साह पुण्यात उगाच आलेला नाही. केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली पाषाण रस्त्यावरची एनसीएल, यांनी २०२० साली देशी बनावटीच्या फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचावर, कार चालवून दाखवली. ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यातच त्यांच्या हायड्रोजन बसचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये टोयोटाची मिराई ही कार दिल्लीत चाचणीसाठी आली. तिच्या टाक्यांत ७०० बार दाबाखाली ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि तेवढ्यावर कंपनीच्या दाव्यानुसार ती साडेसहाशे किलोमीटर जाते. म्हणजे तंत्र जमलं आहे. अडचण विजेच्या हिशोबात आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५५ युनिट वीज लागते आणि त्या एका किलोवर कार शंभरेक किलोमीटर जाते. हाच हिशोब आपल्या भाटघरवर करून बघा. धरणाखालचं १६ मेगावॉटचं वीजघर पूर्ण क्षमतेने तासभर चाललं, तर त्या विजेतून सुमारे २९० किलो हायड्रोजन निघेल, म्हणजे कारचे एकोणतीस हजार किलोमीटर. तीच वीज थेट बॅटरीच्या गाड्यांत भरली, तर वाटेतली गळती धरूनही नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास जाता येईल. तिप्पट फरक आहे, आणि तो हायड्रोजन दाबण्याचा, वाहून नेण्याचा व पंपावर साठवण्याचा खर्च न धरता. बाजारानेही हेच ओळखलं. शेलने कॅलिफोर्नियातले कारसाठीचे हायड्रोजन पंप २०२४च्या सुरुवातीला बंद केले. जीप आणि सिट्रोएन या गाड्या बनवणाऱ्या स्टेलांटिसने २०२५मध्ये हायड्रोजन गाड्यांचा कार्यक्रमच गुंडाळला. टोयोटा आणि ह्युंदाई अजून नेटाने टिकून आहेत. पण दोन-तीन कंपन्यांच्या नेटावर भोरच्या मुलाने आयुष्य बेतावं, असं मला वाटत नाही.

मग हायड्रोजन हवा कुणाला? तो आजच भोरच्या शेतात आहे. भाताला टाकलेल्या युरियाचा पाया अमोनिया, आणि अमोनियाचा पाया हायड्रोजन. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत डिझेलमधलं गंधक काढायला तो लागतो, औषधं आणि रसायनं बनवताना लागतो, आणि वनस्पती तूप करणारे कारखाने तर कित्येक दशकं तो हाताळत आले आहेत. देशात वर्षाला पन्नास लाख टनांहून जास्त हायड्रोजन आजच वापरला जातो आणि जवळजवळ सगळा वायू किंवा तेलापासून बनतो. तसा एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने आपलं धोरण आणलं, ते मुख्यतः हा हायड्रोजन सौर-पवन विजेवर बनवण्यासाठी. वाहनांसाठी मिशनने जे प्रयोग हाती घेतले, तेही बस आणि ट्रकचेच. मार्च २०२५मध्ये टाटा मोटर्सचे हायड्रोजन ट्रक चाचणीला निघाले आणि त्यांच्या मार्गांत मुंबई-पुणे परिसर आहे. लांब पल्ला आणि जड माल असेल तिथे बॅटरीचं वजनच नडतं, म्हणून ट्रकच्या बाबतीत स्पर्धा अजून खुली आहे.

यावर जाणकार पालक विचारतात, की सरकारी मिशनं येतात आणि जातात, हेही तसंच बारगळलं तर? शंका रास्त आहे. याची एक जुनी साक्षही आहे. १९६०च्या दशकात भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर पंजाबात नंगलला पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनत होतं. म्हणजे ज्याला आज आपण हरित हायड्रोजन म्हणतो, ते साठ वर्षांपूर्वी करून झालं आहे. पुढे वीज इतर कामांना हवी झाली आणि तो मार्ग मागे पडला. आजही गाडं स्वस्त विजेशीच अडतं. २०३०पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन आणि सहा लाख रोजगार हे मिशनचे आकडे आहेत, आणि जाहीर झालेल्या प्रकल्पांपैकी बरेच अजून कागदावर आहेत. म्हणून सहा लाखांचा आकडा धरून मुलाचं भवितव्य आखू नये. पण नंगलची गोष्ट दुसरंही काही सांगते. वीज महागली तेव्हा बदलली ती हायड्रोजन काढायची पद्धत. कारखान्याला गॅसच्या लाइनी, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह आणि ते सांभाळणारी माणसं लागतच राहिली. हायड्रोजन हिरवा असो वा वायूपासूनचा, गळणारा जोड शोधणाऱ्याचं काम सुटत नाही.

हा जोड जरा जवळून बघण्यासारखा आहे. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान, त्यामुळे हवेला किंवा पाण्याला न गळणारी फटही त्याला पुरते. त्याला वास नाही. घरच्या सिलिंडरमधल्या गॅससारखा त्यात वास मिसळावा, तर फ्युएल सेलमधला प्लॅटिनमचा थर त्याने खराब होतो. पेटला तर दिवसाउजेडी ज्योत जवळजवळ दिसत नाही. काही पोलादांत तो शिरतो आणि त्यांना ठिसूळ करतो. म्हणून तिथे स्टेनलेस स्टीलची नळी काटकोनात कापायची, कडेची कुसं साफ करायची, फेरूल बसवून नट नेमके तेवढेच फेरे आवळायचा. एक फेरा कमी पडला तर गळती, जास्त झाला तर नळी चिरडते. वेल्ड असेल तर टिग, आणि त्याची तपासणी. मग आधी नायट्रोजन किंवा हेलियमने दाब देऊन साबणाचं पाणी लावून बघायचं, सेन्सरचं कॅलिब्रेशन करायचं आणि सगळं नोंदवहीत उतरवायचं. हे काम पीएचडी झालेला माणूस करत नाही. ते फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि रासायनिक कारखान्याचा अटेंडंट ऑपरेटर करतो. हे सगळे आयटीआयचे जुने ट्रेड आहेत. शासकीय आयटीआयची फी हायड्रोजनच्या नावाने चालणाऱ्या चकचकीत कोर्सच्या मानाने किरकोळ असते. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट उघडी राहते. अभियांत्रिकीचं महाविद्यालय तर भोर तालुक्यात धांगवडीलाच आहे. शाखा निवडताना केमिकल, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकल यांपैकी काहीही घ्या. हायड्रोजन प्रकल्प उभा राहिला तर या चारही शाखा लागतात, न राहिला तर महाडच्या रासायनिक वसाहतीत, शिरवळला, खेड-शिवापूरला किंवा चाकणला त्यांना काम आहे. भोरहून वरंध घाट उतरला की महाड. पावसाळ्यात घाट बंद असतो, हा भाग वेगळा.

"एवढा धोका असलेल्या कामात पोराला घालायचं?" हा आईचा प्रश्न असतो आणि तो टाळू नये. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन मिसळला तरी तो पेटू शकतो. पेट्रोलच्या वाफेचा असा पट्टा दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास संपतो. दुसऱ्या बाजूने, हायड्रोजन इतका हलका की उघड्यावर सुटला तर झटकन वर निघून जातो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचून राहते. खरा धोका बंद शेड, कच्चं काम आणि अर्धवट प्रशिक्षण यांत आहे. देशातल्या दाबाखालच्या वायूंच्या साठवणुकीला परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपूरला आहे आणि तिचे नियम कडक आहेत. त्यामुळे मुलगा नोकरीला लागेल तेव्हा पगाराआधी तिथल्या सुरक्षा प्रशिक्षणाची चौकशी करा, विशेषतः तो कंत्राटदाराकडून लागत असेल तर.

आपल्या भागात आणखी एक हरकत येते, ती पाण्याची. धरणं आमच्या उरावर, पाणी बारामती-फलटणला, आता उरलेलं हायड्रोजनला? राग समजतो, पण आकडा वेगळं सांगतो. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशोबाने नऊ लिटर पाणी लागतं. देशाचं पन्नास लाख टनांचं सगळं उद्दिष्ट धरलं तरी ते सुमारे १.६ टीएमसी होतं. शुद्धीकरण आणि कूलिंग धरून तिप्पट करा, तरी पाच टीएमसीच्या आत. एकट्या भाटघरची साठवण साडेतेवीस टीएमसीच्या घरात आहे. तेव्हा पाण्याचं भांडण ज्यांच्याशी आहे त्यांच्याशीच ठेवावं. पेंढ्यापासून हायड्रोजन काढण्याबद्दल मात्र मी सावध आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीबरोबर शेतातल्या टाकाऊ मालापासून, सूक्ष्मजीवांच्या मदतीने आधी बायोगॅस आणि मग हायड्रोजन, अशी पद्धत विकसित केली आहे. काम अस्सल आहे. पण पंजाबात जाळला जाणारा पेंढा आणि वेल्ह्यातला पेंढा यांत फरक आहे. इथे तो उन्हाळ्यात जनावरांच्या तोंडी जातो. 'गावातच हायड्रोजन प्रकल्प, गावातच नोकरी' असं कुणी सांगू लागलं, तर आधी कच्चा माल कुठून आणणार ते विचारा.

ज्या मुलामुलींना रसायनशास्त्र मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी दुसरी वाट लांबची आहे : बीएस्सी, एमएस्सी आणि मग संशोधन. एनसीएल आणि आघारकर दोन्ही पुण्यात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने तांबे-क्लोरीन चक्राने उष्णतेच्या साहाय्याने हायड्रोजन काढण्यावर अनेक वर्षं काम केलं आहे आणि तिचा एक परिसर जालन्यालाही आहे. या वाटेवर तिशीपर्यंत शिष्यवृत्तीवर काढायची तयारी हवी. घरची परिस्थिती तशी नसेल, तर हे मुलाला अकरावीतच स्पष्ट सांगणं बरं.

राहिले ते 'हायड्रोजन एक्स्पर्ट' बनवणारे तीन-चार महिन्यांचे कोर्स. ते सगळे फसवे नाहीत. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सने या क्षेत्रासाठी अधिकृत अभ्यासक्रम तयार केले आहेत. मात्र ते मूळ ट्रेडवर चढवायचे. बारावीनंतर नुसता असा कोर्स केलेल्याला कारखान्याचं गेट उघडत नाही. फी भरण्याआधी प्रमाणपत्राला एनसीव्हीईटी या व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे का, वर्कशॉपमध्ये दाबाखालची लाइन प्रत्यक्ष आहे का आणि मागच्या बॅचची मुलं कुठल्या कंपनीत अ‍ॅप्रेंटिस आहेत, हे विचारावं, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोलून घ्यावं. पाण्यावर गाडी चालवायचं किट शिकवतो असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरावं. पाणी हे हायड्रोजन जळून उरलेलंच असतं, त्याला पुन्हा फोडायला निघेल त्याहून जास्त ऊर्जा घालावी लागते, आणि हे दहावीच्या विज्ञानात नापास न झालेल्या कुठल्याही मुलाला पटवून देता येतं.