जीपखाली शिरण्याआधी

बाळा, जुनी सीजे घेतलीस, तिच्यात डीआय इंजिन बसवायचं आणि पाटे हौसिंगच्या वर घेऊन ती उंच करायची, असं कानावर आलं. फार बरं वाटलं. पण ग्राइंडर जरा खाली ठेव, चहा घे आणि हे वाच. ब्रॅकेट जिथे लावशील तिथूनच चाकाचा धक्का आणि इंजिनाचा पीळ चेसीत शिरणार. म्हणून जागा ठरवण्यात चार दिवस गेले तरी चालतील, जोडायला एक दुपार पुरते.

१. चेसी घोड्यांवर पाणसळीत उभी कर आणि दोन्ही कर्ण मोज – चेसीच वाकलेली असेल तर तिच्यावर सरळ बसवलेलं हौसिंगही गाडीला तिरकी चालवतं.

२. मापं बंपरवरून नको, पाट्यांच्या मूळ पिनांच्या भोकांवरून घे. ओळंबा सोड आणि खाली खडूने खुणा कर – बंपर कोणी कधी बदलला ते कोणालाच आठवत नसतं, भोकं मात्र कारखान्यातली असतात.

३. जिथे ब्रॅकेट लावायचं तिथली चेसी हातोडीने ठोकून बघ, रंग खरवडून बघ – गंजलेल्या पत्र्यावर सहा एमएमची प्लेट लावलीस तर प्लेट टिकेल आणि पत्रा तिच्याबरोबर उचकटून येईल.

४. आधी पुठ्ठा काप, मग लोखंड – पुठ्ठ्याला चुकीची शिक्षा फक्त कात्रीची.

५. सगळं आधी टाक्यांवर उभं कर, पक्कं वेल्डिंग शेवटी – टाका सुटतो, शिवण सुटत नाही.

ही पाचवी गोष्ट पाट्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त लागू. मूळ सीजेत पाटे हौसिंगच्या खाली असतात. ते वर घेतलेस की गाडी साधारण पाच इंच वर जाते आणि सगळे कोन बदलतात. मित्राने सांगितलेला कोन घेऊन बसायचं नाही.

६. हौसिंगवरच्या पाट्यांच्या बैठका पक्क्या करण्याआधी इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, सीटा, सगळं वजन गाडीवर चढव आणि गाडी चाकांवर उभी कर – रिकाम्या गाडीचा कोन भरल्या गाडीला लागत नाही.

७. दोन क्रॉसचा साधा शाफ्ट असेल तर ट्रान्सफर केसच्या बाहेर येणारा दांडा आणि गोळ्याचा (डिफरन्शियलचा) पिनियन एकमेकांना समांतर ठेव, एका अंशाच्या आत – एका क्रॉसने केलेली कमी-जास्त गती दुसरा क्रॉस तेव्हाच भरून काढतो, नाहीतर गाडी थरथरते.

८. ट्रान्सफर केसकडे डबल कार्डन जोड असेल तर हिशेब वेगळा: पिनियनचं तोंड शाफ्टच्या दिशेने, पण अंशभर खाली – जोर लावला की पाटे पिळतात आणि पिनियन स्वतःच वर उचलला जातो.

९. पुढच्या हौसिंगचा पिनियन मन मानेल तसा वर फिरवू नकोस – स्टिअरिंगचे नकल त्याच हौसिंगला जोडलेले असतात, पिनियन जितके अंश वर तितके कॅस्टर कमी, आणि कॅस्टर गेला की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं.

१०. उंची वाढली की स्टिअरिंगचा आडवा रॉडही पुन्हा आडवा करून घे – तो उतरता राहिला तर प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळेल.

११. शॅकल वजनाखाली किंचित कललेला हवा – पाटा दबला की लांब होतो, त्याला जायला वाट लागते. उभा ताठ शॅकल कधी उलटा पडेल सांगता येत नाही.

१२. पाटे वर घेतल्यावर ते जास्त पिळतात, म्हणून पिळाला धरून ठेवणारा रॉड लाव. पण त्याचं एक टोक शॅकलवर झुलतं ठेव – दोन्ही टोकं घट्ट धरलीस तर पाटा आणि रॉड आपसात भांडतात, आणि मोडतं ब्रॅकेट.

आता फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी टेकण्यांवर बसतं ती. यावर जरा जास्त बोलतो, कारण सगळे इथेच घाई करतात. २०० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर ४ ला १, लो-रेशो २.५ ला १ धर. ट्रान्सफर केसमधून २,००० न्यूटन-मीटर बाहेर पडतं, आणि तेवढाच पीळ उलट दिशेने तुझ्या फाउंडेशनवर येतो. पुढची दोन फाउंडेशनं ५० सेंटीमीटर अंतरावर असतील आणि मागच्याने काहीच उचललं नाही, तर एक बाजू चारशे किलोच्या जोराने वर उचलली जाते आणि दुसरी तेवढ्याच जोराने दाबली जाते. चाक दगडात अडकलेलं असताना क्लच झटक्यात सोडलास तर याहूनही जास्त.

१३. रबर फक्त दाबाखाली चांगलं. वर उचललं गेलं तरी आरपार बोल्टने पकडून ठेवणारं फाउंडेशन घे – रबर दमलं की लोखंड रडतं, आणि त्यामागोमाग पंखा रेडिएटरमध्ये.

१४. पुढे दोन, मागे एक, अशी तीन टेकणी ठेव – खडकावर चेसी पिळणारच; इंजिन-गिअरबॉक्स चार कोपऱ्यांत जखडलेस तर तो पीळ बिडाच्या कानांना सोसावा लागतो, आणि बीड वाकत नाही, तडकतं.

१५. ट्रान्सफर केसखालची आडवी पट्टी बोल्टने लाव, वेल्डिंगने नको – क्लचप्लेट बदलायच्या दिवशी तू मला दुवा देशील.

१६. बंद पेटीसारख्या चेसीतून बोल्ट न्यायचा असेल तर आत जाड नळी बसवून तिला वेल्ड कर – नळीविना बोल्ट आवळलास की पत्रा आत दबतो, आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही.

१७. कान दोन ठेव, बोल्ट मधे – एकाच कानावर लटकलेला बोल्ट वाकतो.

१८. बोल्ट ८.८ किंवा १०.९ चाच घे, आणि भोक अर्ध्या एमएमपेक्षा जास्त ढिलं नको – बोल्ट गप्प बसतो, भोक लांबट होऊन सांगतं.

१९. चेसीवर थेट ब्रॅकेट नको; आधी तिरक्या टोकांची मोठी पट्टी, तिच्यावर ब्रॅकेट, आणि चेसीला वरून खाली सरळ उभा वेल्ड मारू नकोस – त्या सरळ रेषेतच तडा जातो, आणि पुढे तोच चेसी आरपार करतो.

वेल्डिंगचं थोडक्यात सांगतो, बाकी तुझा वेल्डर जाणतो.

२०. ७०१८ चे रॉड कोरडेच हवेत. पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट ३०० ते ३५० अंशांच्या भट्टीत तापवल्याशिवाय वापरू नकोस – ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डात शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशीही दिसतो. उन्हात वाळवून हे भागत नाही.

२१. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ, त्याच लोखंडावर लाव. बॅटरी आणि अल्टरनेटर आधी सोडव – चिमटा चाकाला लावलास तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांना खड्डे पाडतो.

२२. हौसिंगला थोडं थोडं, आलटून पालटून वेल्ड कर आणि मधे गार होऊ दे – एका दमात ओढलेला वेल्ड नळी वाकवतो, मग अॅक्सल आत रगडत फिरतो.

२३. ब्रेक-क्लीनर मारलेल्या जागी जाळ लावू नकोस, आणि जस्ताचा थर घासल्याशिवाय वेल्ड करू नकोस – क्लोरीनवाल्या क्लीनरपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू होऊ शकतो, आणि जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो. टाकी बाहेर काढ, वाळूची बादली जवळ ठेव. इथे मला तुझी हुशारी नको, आज्ञाधारकपणा हवा.

२४. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळ – लोंबत्या पाट्यावर आवळलेलं बुश वजन आलं की पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

२५. टाक्यांवर असतानाच कर्णात समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन चाकं उचलून बघ: ब्रेकची नळी ताणते का, शाफ्टचा सरकता जोड सुटायला येतो का, गोळा इंजिनाच्या ऑइल-सम्पला लागतो का – हे गॅरेजमध्ये कळलेलं बरं, गोव्यातल्या जुलैच्या लाल चिखलात नको.

२६. इंजिन बदलण्याआधी आरटीओत विचार आणि विम्यालाही कळव – मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत न बसणारे बदल मना करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

२७. यू-बोल्ट नवेच लाव, पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळ, आणि प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक रेघ ओढ – रेघ तुटलेली दिसली की पाना न लावताच कळतं कोण हललं.

पहिल्या फेरीला दुसरी गाडी सोबत ने. परत आलास की वेल्डिंगचे फोटो पाठवत बसू नकोस. त्या रेघांचे पाठव, मी वाट बघतोय.