यादीत वर दिसते म्हणून सेवा दोषी नसते

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षाची देखभाल माझ्याकडे आहे. तिथला एक उबुंटूवाला संगणक सुरू व्हायला पावणेदोन मिनिटं घेऊ लागला. तक्रार माझ्यापर्यंत येईतो कुणीतरी ब्लूटूथ, प्रिंटर अशा दिसतील त्या सेवा बंद करून टाकल्या होत्या. वेग तसूभरही वाढला नव्हता, छपाई मात्र बंद पडली होती. हा प्रकार मी वारंवार पाहतो, म्हणून कळकळीनं सांगतो: आधी मोजा, मगच हात लावा.

सिस्टमडीवर (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेवर) चालणाऱ्या लिनक्समध्ये टर्मिनलवर ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ ही कमांड द्या. कर्नलनं किती वेळ खाल्ला, युजरस्पेसनं किती, हे वेगवेगळं दिसतं. यूईएफआय असेल तर फर्मवेअरचा वेळही कळतो. तो जास्त असेल, तर सेवा बंद करून काहीच साधत नाही.

याच कमांडपुढे ‘ब्लेम’ लिहिलं की सेवांची यादी मिळते, सर्वाधिक वेळ घेणारी सगळ्यात वर. बहुतेकांची दिशाभूल इथेच होते. सेवा एकाच वेळी सुरू होत असतात, त्यामुळे या आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. वरची सेवा दुसऱ्या कुणासाठी खोळंबलेली असू शकते. ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’चं तर कामच नेटवर्क मिळेपर्यंत थांबणं हे आहे. घरच्या संगणकावर ती सहसा बंद करता येते. पण फाइली सर्व्हरवरून जोडल्या जात असतील, तर तिला हात लावू नका. शिवाय जे सुरूच होऊ शकलं नाही, ते या यादीत येतच नाही.

आमचं दुखणं नेमकं हेच होतं. यादीत मोठा आकडा एकही नव्हता. मग ‘ब्लेम’ऐवजी ‘क्रिटिकल-चेन’ चालवून पाहिलं. कोण कुणामुळे अडलं याची साखळी त्यात दिसते. ‘स्वॅप टार्गेट’च्या ओळीत वेळ दीड मिनिटावर गेली होती. जर्नलमध्ये नोंद सापडली: डिस्कच्या एका भागाची वाट पाहून मुदत संपली. सिस्टमडीची ही ठरलेली मुदत 90 सेकंदांची असते. नेमका तेवढाच उशीर दिसला, की न सापडणाऱ्या डिस्कचा संशय घ्या.

त्या संगणकावर दुसरं लिनक्स टाकताना स्वॅपचं पार्टिशन पुन्हा फॉरमॅट झालं होतं. त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलला, पण कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलीत जुनाच राहिला. ‘बीएलकेआयडी’ कमांडनं नवा क्रमांक मिळाला. मूळ फाइलीची प्रत ठेवून ती एक ओळ बदलली आणि दीड मिनिटाचा खोळंबा संपला. बंद केलेल्या सेवाही पुन्हा चालू केल्या.

कधी जोडलेली, कधी काढलेली बाहेरची डिस्क ‘एफएसटॅब’मध्ये असेल, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे ती नसली तरी संगणक अडून राहणार नाही. एका वेळी एकच बदल करा, संगणक पुन्हा सुरू करा, वेळ मोजा आणि लिहून ठेवा. फरक पडला नाही, तर तो बदल तिथल्या तिथे मागे घ्या. नाहीतर उद्या नवाच बिघाड शोधत बसावं लागेल.